कार्ब्युरेटर गेला, पिचकारी आली

वाचकहो, मोटारीचे किंवा स्कूटरचे इंजिन काय खाते, असे कुणी विचारले तर आपण चटकन सांगू, पेट्रोल. हे उत्तर फारच थोडे खरे आहे. इंजिन मुख्यतः हवा खाते. पेट्रोल हे त्याचे तोंडी लावणे. एक किलो पेट्रोल नीट जळायचे तर सुमारे १४.७ किलो हवा लागते. भाकरीला ठेचा लागतो, पण किती लागतो हे जेवणाऱ्याला ठाऊक असते, तसेच हे. पेट्रोल जास्त पडले की काळा धूर, कमी पडले की इंजिन तापते आणि आचके देते. शिवाय हे प्रमाण एकदा जमवून भागत नाही. गाडी चढावर लागली, सिग्नलला थांबली, पहाटेच्या थंडीत सुरू झाली की दर वेळी हिशेब नवा. हा हिशेब शंभराहून अधिक वर्षे कार्ब्युरेटर नावाच्या एका धातूच्या भांड्याने केला. आज तो एक विजेची पेटी करते, आणि पेट्रोल पिचकारीने मोजून मारले जाते. गॅरेजात पिचकारी हा शब्द कुणी वापरत नाही, तिथे ‘इंजेक्शन’ किंवा नुसते ‘एफआय’ म्हणतात. पण काम पिचकारीचेच आहे, म्हणून मी दोन्ही शब्द वापरणार आहे. हा बदल जगात कसा झाला, आपल्या पुण्यात तो एकदा दारात येऊन माघारी कसा गेला, आणि पुढे सरकारी कायद्याचा हात धरून पुन्हा घरात कसा शिरला, ती हकीकत आपण पाहू.

आधी कार्ब्युरेटरशी ओळख करून घ्यावी. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी भरले की तो वर येतो आणि नळ बंद करतो. कार्ब्युरेटरमध्ये तशीच एक वाटी, तसाच एक तरंगता फ्लोट आणि त्याला एक सुई असते. वाटीत पेट्रोलची पातळी कायम सारखी. शेजारून हवेची नळी जाते आणि मध्येच तिचा गळा आवळलेला असतो. गळ्यात हवा जोराने पळते, जोराने पळणाऱ्या हवेचा दाब उतरतो, आणि वाटीतले पेट्रोल एका बारीक छिद्रातून आपोआप वर ओढले जाऊन फवाऱ्यासारखे उडते. त्या छिद्राच्या तुकड्याला जेट म्हणतात. जुन्या लोकांना ढेकूण मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल. तत्त्व तेच. आवळलेल्या गळ्याला इटलीच्या व्हेंतुरी नावाच्या शास्त्रज्ञाचे नाव आहे, आणि फवाऱ्याचा कार्ब्युरेटर १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने जवळजवळ एकाच वेळी पुढे आणला.

या भांड्याला वीज लागत नाही, पंपाचा मोठा दाब लागत नाही. स्कूटरमध्ये तर टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल आपल्याच वजनाने उतरते. बिघडले तर पान्याने उघडावे, पेट्रोलने धुवावे, जेटमध्ये फुंकर मारावी, की झाले. इतके साधे आणि इतके प्रामाणिक यंत्र शंभर वर्षे टिकले यात नवल नाही. त्याची एकच मोठी उणीव आहे. त्याला हवेची ओढ कळते, पण हवा किती दाट आहे हे कळत नाही.

पुणेकरांना हे घाटात कळे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. मुंबईपेक्षा इथली हवा पाचेक टक्के विरळ. महाबळेश्वर तेराशे मीटरच्याही वर. तिथली हवा बारा-तेरा टक्के विरळ. मुंबईला जमवलेला कार्ब्युरेटर महाबळेश्वरला नेला तर हवा कमी आणि पेट्रोल त्या मानाने अधिक, म्हणजे मिश्रण दाट होते. गाडीचा जोर उतरतो, प्लग काळे पडतात. त्यात उन्हाळ्याचे दिवस असले तर दुसरेच दुखणे. इंजिनाशेजारच्या पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि पंप नुसता वाफ ओढत बसतो. बोरघाटात किंवा खंबाटकीला रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आणि तिच्या पंपावर घातलेले ओले फडके हे एका काळी नेहमीचे दृश्य होते. गाडीला विश्रांती आणि माणसांना चहा.

आता थोडे अमेरिकेत जाऊ, कारण पिचकारीची कहाणी तिथूनच वळण घेते. पाँटियाक कंपनीने १९६४ साली जीटीओ नावाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या अंगात ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. आपल्या दीडशे सीसीच्या चाळीसहून अधिक स्कूटरी एकत्र केल्या तर होईल तेवढे. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ हे नाव पडले. आपण पैलवान गाडी म्हणू. पैलवानाचा खुराकही तसाच. एका कार्ब्युरेटरवर भागेना म्हणून जीटीओवर ओळीने तीन बसवलेली आवृत्तीही मिळे. पेट्रोल स्वस्त होते आणि धुराचा हिशेब अजून कुणी मागत नव्हते.

विजेच्या पिचकारीचा पहिला प्रयोग मात्र त्याही आधी होऊन फसलेला होता. बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची योजना तयार केली आणि क्रायस्लर कंपनीने १९५८ सालच्या आपल्या काही गाड्यांवर ती बसवली. अशा गाड्या सुमारे पस्तीसच निघाल्या. त्या काळचे विजेचे भाग इंजिनाशेजारची उष्णता आणि ओल सोसू शकले नाहीत, आणि बहुतेक गाड्यांवर कंपनीने पिचकारी उतरवून परत कार्ब्युरेटर चढवले. हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पन्नास वर्षांनी पुण्याच्या बाबतीत तो पुन्हा आठवेल.

पिचकारीला खरे बळ दिले ते धुराने. लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके बसू लागले होते. आरी हाखेन-स्मित नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. त्यांनी तीच उपकरणे शहराच्या हवेकडे वळवली, आणि १९५०च्या सुमारास दाखवून दिले की मोटारींतून सुटणारे न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून हे धुके तयार होते. पुढे कॅलिफोर्नियाने नियम केले, १९७० साली अमेरिकेचा हवेचा कडक कायदा आला. १९६७ साली फोक्सवॅगनने जर्मन बॉश कंपनीची विजेवर चालणारी पिचकारी अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर घातली. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १९७५च्या सुमारास अमेरिकेत सर्रास आला. पण या महाशयांचा एक हट्ट आहे. तीन प्रकारची विषारी द्रव्ये एकाच वेळी मारायची तर त्यांना हवा-पेट्रोलचे प्रमाण नेमके १४.७ च्या आसपास लागते. थोडे इकडे-तिकडे झाले की एकाचा बंदोबस्त होतो आणि दुसरे निसटते. इतका काटेकोरपणा फ्लोट आणि सुईला जमणारा नव्हता. मग १९७६ साली व्होल्वोने धुराच्या नळीतच प्राणवायू चाखणारा एक सेन्सर बसवला. धुरात काय उरले ते तो पेटीला सांगतो आणि पेटी पुढची पिचकारी कमी-जास्त करते. कार्ब्युरेटर कधीच मागे वळून पाहत नसे. ही पेटी सतत पाहते. माझ्या मते त्याच दिवशी कार्ब्युरेटरचे भवितव्य ठरले.

आता घरी, पुण्यात येऊ. इंजेक्शन ही आपल्याकडे परक्या देशातून अचानक उतरलेली वस्तू आहे असे कुणी समजू नये. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतोच. त्यात तेल पिचकारीनेच मारतात. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि विहिरीवरचे किर्लोस्करचे डिझेल इंजिन महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. नोझल गळू लागले की ते काढून, फडक्यात बांधून, एसटीने तालुक्याला नेऊन तपासून आणायचे, हे ज्ञान शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही होते. मायकोचा नाशिकचा कारखाना तर अशा नोझलांसाठीच प्रसिद्ध झाला. तेव्हा पिचकारीचे भय आपल्या मिस्त्रीला कधीच नव्हते. त्याला परकी वाटली ती पिचकारीवर हुकूम चालवणारी, झाकण नसलेली, आत काय चालले आहे ते न दाखवणारी पेटी.

पुण्याचे पेट्रोल मात्र दुचाकीत जळत होते. बजाजांना स्कूटर बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि आकुर्डीला व्हेस्पाच्या धर्तीच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या. इटालियन कंपनीशी करार संपल्यावर १९७२ साली चेतक आली. सायकलींचे शहर म्हणवणारे पुणे हळूहळू स्कूटरचे शहर झाले. चेतकसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली. तिच्यात बसे तो कार्ब्युरेटर डेलोर्तोच्या इटालियन नमुन्याचा, बहुधा ‘स्पाको’ नाव कोरलेला. सकाळी स्कूटर सुरू होत नसली की मालक तिला आधी उजव्या अंगाला आडवी करी, क्षणभर तशी धरी आणि मग किक मारी. परगावच्या पाहुण्याला हा काही तरी पूजेचा प्रकार वाटावा. कारण विचारले तर मिस्त्री सांगे, “वाटीतलं पेट्रोल वर चढतंय साहेब, मिक्श्चर जरा घट्ट होतंय.” पदार्थविज्ञानाचे एवढे शिक्षण पुण्यातल्या वाड्यावाड्यात फुकट मिळत होते.

पण ही इंजिने टू-स्ट्रोक. त्यांत ताजे मिश्रण आत येताना जळलेल्या धुराबरोबर त्यातला बराच भाग न जळताच बाहेर पडतो, आणि वंगणाचे तेलही पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे निळसर धूर निघतो. स्कूटरींची आणि रिक्षांची संख्या वाढत गेली तसा लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी हा धूर माणसाच्या उंचीवर तरंगू लागला. पुण्याच्या मुलींनी तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटर चालवण्याची जी पद्धत पाडली, तिची थट्टा पुष्कळ झाली. तिच्या मुळाशी ऊन होते तसाच हा धूरही होता.

कायदा सावकाश आला. पेट्रोल गाड्यांच्या धुराला देशात पहिली मर्यादा १९९१ साली घातली गेली, ती १९९६ साली कडक झाली, आणि २००० साली युरोपच्या पहिल्या पायरीइतकी झाली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. शिसे उत्प्रेरकाला मारते, म्हणून हे आधी व्हायलाच हवे होते. पुढे २००५ आणि २०१० साली ज्या निवडक शहरांत मोटारींसाठी भारत स्टेज तीन आणि चार हे नियम इतरांच्या आधी लागू झाले, त्यांत पुण्याचे नाव होते. या सगळ्याची मोजदाद करणारी संस्थाही आपल्याच गावात. ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ साली स्थापन झाली; कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे लोक त्या भागाला ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच ओळखतात. गाडी जागच्या जागी रोलरवर चालवायची, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा-उतरवायचा, तिचा धूर पिशव्यांत गोळा करायचा आणि त्यातले प्रत्येक द्रव्य ग्रॅमच्या हिशेबात तोलायचे, अशी ही परीक्षा. मिस्त्रीच्या कानाला जे ‘बरोबर’ वाटत होते ते आता पिशवीत उतरवून तपासले जाऊ लागले.

चारचाकीने हा बदल फारशी खळखळ न करता मान्य केला. १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला मर्सिडीज गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या पेट्रोल गाडीला इंजेक्शन होतेच. टाटांची पुण्यात बनलेली इंडिका १९९८च्या अखेरीस आली तेव्हा तिची पेट्रोल गाडी कार्ब्युरेटरची होती; २०००च्या सुमारास तिलाही एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी पिचकारी, मिळाली. आठ-दहा लाखांच्या, अगदी तीन लाखांच्याही गाडीत ही किंमत लपून जाते. दुचाकीत ती लपत नाही.

आणि म्हणूनच पल्सरची गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. बजाजने २००७ साली पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली. नावातच ‘एफआय’. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या त्या मोटरसायकलीचा तरुणांत केवढा बोलबाला झाला! चोक नाही, थंडीत किकांचा मारा नाही, घाटात जोर उतरणे नाही. याच काळात बजाजने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्राने टू-स्ट्रोक रिक्षातही थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारी पिचकारी आणली होती. वाटले, आता कार्ब्युरेटरचे दिवस भरले. आणि २००९ साली त्याच पल्सर २२०ची नवी आवृत्ती आली ती कार्ब्युरेटर घेऊन! एफआयमधला एफ गळला आणि नुसते डीटीएस-आय उरले. किंमत बरीच खाली आली होती, आणि गंमत म्हणजे अश्वशक्ती कमी न होता किंचित वाढली होती. लोकांनी नाके मुरडली नाहीत. उलट गाडी भराभर खपली.

ही माघार होती काय? क्रायस्लरच्या त्या पस्तीस गाड्यांची आठवण इथे होते, पण दोन्हींत फरक आहे. तिथे पिचकारी चालेना म्हणून काढली; इथे ती उत्तम चालत होती. माझे मत असे की तिला काढले ते मोटरसायकलीबाहेरच्या गोष्टींनी. इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोल दाबाने ढकलणारा विजेचा पंप लागतो. बॅटरी पुरती बसली तर गाडीला ढकलून, गिअर टाकून सुरू करण्याची आपली जुनी युक्ती बहुधा फसते. पिचकारीचे छिद्र केसासारखे. पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा आला तर कार्ब्युरेटर रस्त्याकडेला उघडून धुता येतो, ही नाही. आणि बिघडली तर जायचे कुठे? नाना पेठेत, जिथे कोणत्याही दुचाकीचा कोणताही भाग मिळतो असे पुणेकर अभिमानाने सांगतात, तिथेही तेव्हा तिची पेटी उघडणारा माणूस सहजी मिळाला नसता. सातारा-सांगलीच्या गिऱ्हाइकाचे काय? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही अशी वस्तू घेताना आपला माणूस दहा वेळा विचार करतो, आणि तो विचार खुळचट नाही. पाच लाखांच्या गाडीवरचे दुखणे सोसवते. ज्या दुचाकीवर रोजची हजेरी अवलंबून आहे तिचे सोसवत नाही.

त्यानंतरची काही वर्षे मोठी मजेची गेली. चाकणला २०१२ साली केटीएम ड्यूक २०० तयार होऊ लागली ती इंजेक्शनची, आणि त्याच वर्षी आलेली, इंजिनाच्या बाबतीत तिच्याच कुळातली पल्सर २००एनएस आली ती कार्ब्युरेटरची. एकाच अंगणात वाढलेली दोन भावंडे. एकाच्या हाती पाटी, दुसऱ्याच्या हाती संगणक. यावरून एवढे निश्चित दिसते की कारखान्याला विद्या येत होती. अडत होते ते किमतीपाशी आणि दुरुस्तीपाशी.

हा तिढा सोडवला तो कायद्याने. भारत स्टेज चारवरून पाच ही पायरी न घेता देशाने १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावर उडी घेतली, आणि त्या तारखेनंतर जुन्या नियमांच्या नव्या गाड्या विकता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगून ठेवले. दुचाकीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांना किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम एवढीच मुभा उरली. शिवाय गाडीने आपला दोष आपणच ओळखून दिवा लावून सांगायचा, असा दंडक. फ्लोट आणि सुईला दिवा कुठून लावता येणार? तेव्हा २०२० साली तीच पल्सर २२० तिसऱ्यांदा वेश बदलून आली, पुन्हा पिचकारी लावून. तेरा वर्षांत इंजेक्शन, कार्ब्युरेटर, इंजेक्शन.

रिक्षांची वाट थोडी निराळी. पुण्यात त्या मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर गेल्या. महापालिकेने संच बसवायला अनुदान दिले. तेथे प्रश्न पिचकारीचा नव्हता, इंधनाचाच होता, म्हणून मी तो इथे वाढवत नाही.

या बदलात मिस्त्रीचे काय झाले, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. कार्ब्युरेटरच्या काळात निवाडा त्याच्या कानाचा होता. इंजिन रेस करून, डोके तिरके करून तो ऐके. एक स्क्रू अर्धा फेरा उघडी, पाव फेरा आवळी. प्लग काढून त्याचा रंग पाही. विटकरी रंग म्हणजे बरोबर, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. “जेटमध्ये कचरा आलाय, दहा मिनिटं बसा,” एवढ्या एका वाक्यावर पुण्यातल्या कितीतरी संसारांचा घरखर्च चालला. आता दिवा पेटला की गिऱ्हाईक ‘स्कॅनर आहे का?’ असे विचारते. स्कॅनर सांगतो की अमुक सेन्सर बोलत नाही. पण सेन्सर मेला की त्याची वायर उंदराने खाल्ली, हे स्कॅनरला कळत नाही. तिथे पुन्हा माणूसच लागतो, हातात टेस्टर घेतलेला. ज्या तरुण मिस्त्रींनी मल्टिमीटर धरायला शिकून घेतले त्यांचे बरे चालले आहे. ज्यांचे वय शिकण्याचे नव्हते त्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत तोवर काम आहे. कंपन्या पेटीच्या आतली माहिती बाहेरच्या गॅरेजला किती मोकळेपणाने देतात यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे, आणि आज तरी त्या देण्यात कुणी उदार दिसत नाही. हवा स्वच्छ करण्यासाठी पेटी हवी हे मला मान्य आहे. पेटीला कुलूप का हवे, हे मात्र मला कुणी पटवून दिलेले नाही.

शेवटी एक वर्ग राहतो, आणि वाचकांपैकी काही जण त्यातले असतील. घरात वडिलांची फियाट किंवा पद्मिनी आहे, ती चालू ठेवायची आहे, आणि कुणी तरी सुचवले आहे की कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवा. अमेरिकेत पैलवान गाड्यांचे हौशी मालक हे पुष्कळ करतात. तिथे तयार संच मिळतात. कार्ब्युरेटर ज्या चार बोल्टांवर बसतो त्याच बोल्टांवर पिचकारीचे तोंड बसते, आणि वर जुने हवेचे झाकण ठेवले की पाहणाऱ्याला काही कळतही नाही. आपल्या फियाटला असा आयता संच शोधणे अवघड. बहुतेक गोष्टी जुळवून आणाव्या लागतात. कोणत्या, ते ऐका. जुना पंप पाव-अर्धा किलो दाबाचा, पिचकारीला तीनेक किलोचा लागतो. म्हणून नवा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी एक जादा नळी. हा भाग स्वस्तात उरकू नये, कारण तीन किलोच्या दाबाखाली नळी फुटली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडते. मग इंजिन कोणत्या क्षणी कुठे आहे हे सांगणारे दातेरी चाक, हवेचा दाब, उष्णता आणि थ्रॉटल मोजणारे सेन्सर, धुराच्या नळीत प्राणवायूचा सेन्सर, आणि या सर्वांवर पेटी. जुन्या गाडीचा डायनामो एवढी वीज मंद गतीवर देऊ शकत नाही. तोही बदलून आल्टर्नेटर घालावा लागतो. एवढे केले तर घाटातले ओले फडके सुटते, थंडीत एका स्टार्टरला इंजिन धरते, धूर उतरतो. चाळीस अश्वशक्तीचे मात्र साठ होत नाहीत. तशी आशा कुणी दाखवली तर खिसा सांभाळावा.

आणि कायदाही पाहून घ्यावा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कारखान्याने ठरवलेल्या गोष्टींच्या विरुद्ध जाणारा फेरबदल मालकाने परस्पर करू नये. तेव्हा आधी आरटीओत विचारणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट गाडीच्या वयाची. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की साटा, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७३ सालच्या फियाटला हे भाग्य आज लाभू शकते, आणि पिचकारी बसवली तर ते गमावण्याचा धोका आहे. ज्यांची गाडी पन्नाशीच्या जवळ आली आहे त्यांनी, मला विचाराल तर, कार्ब्युरेटरच नीट ठेवावा. चांगला मिस्त्री अजून मिळतो. ज्यांना गाडी रोज पळवायची आहे त्यांनी खुशाल बदलावा, पण असा, की कुठे नवे भोक पाडावे लागणार नाही आणि उद्या सगळे परत जागेवर बसेल. काढलेला कार्ब्युरेटर भंगारवाल्याला देऊ नये. तो रॉकेलने धुवावा, कोरडा करावा, त्याचे जेट, सुई आणि फ्लोट वेगवेगळे कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घालावेत, आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहून ठेवावा.